तिचं ‘नको’ आणि आपलं ‘बघू’

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांच्या इच्छेनुसार गाळलं आहे आणि मजकूर थोडा आवरून घेतला आहे.

“आमची 16 वर्षांची मुलगी एक्स्चेंजमधून वर्षभरासाठी डेन्मार्कला गेली आहे. त्याच कार्यक्रमातून ऑगस्टपासून एक 17 वर्षांची डॅनिश मुलगी आमच्याकडे राहते. घरात आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. जानेवारीत ती ठरल्याप्रमाणे दुसऱ्या कुटुंबाकडे जाईल. आम्ही तिला पोटच्या मुलीसारखं वागवतो. पहिल्या दिवशीच सांगितलं, मला आई म्हण. पण ती मला नावानं हाक मारते, सासूबाईंना ‘तू’ म्हणते. वाढायला गेलं की ताटावर हात धरून ‘नको’. कॉलेजातून आली की खोलीचं दार बंद. सायकलवर एकटी फिरायला जाऊ का, हे रोज विचारते. मी ‘बघू’ म्हणते, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. ‘त्या’ चार दिवसांत देवघरात जायचं नाही सांगितलं तर ‘का’ म्हणाली, मी म्हटलं आमच्यात असं असतं. पहिल्या जेवणानंतर उठताना ती ‘ताक’ म्हणाली. सासूबाईंनी लगेच वाटीभर ताक दिलं. तिनं ते कसंबसं प्यायलं आणि पुन्हा ‘ताक’ म्हणाली, तर दुसरी वाटी! तेव्हा किती हसलो होतो. आता घरात कुणी हसत नाही. दिवाळीला तिच्यासाठी हौसेनं जरीची साडी घेतली. तिला आपल्या सणाची ओळख व्हावी म्हणून भाऊबीजेला सगळ्यांना बोलावलं, बावीस माणसं जमली होती. तिनं अर्ध्या तासात साडी सोडली आणि दार लावून बसली. मुलगा पाटावर बसून राहिला, ओवाळायलाही आली नाही. सगळ्यांसमोर मान खाली गेली. मिस्टर म्हणतात, समन्वयकांना सांगून आत्ताच तिला दुसऱ्या घरी पाठवू. सासूबाई म्हणतात, राहू दे पोरीला. आमचं काय चुकलं?

ता. क. आमची लेक तिकडे पहिल्या आठवड्यात दोनदा अर्धपोटी झोपली. एकदा ‘नको’ म्हटलं की तिथं परत कुणी विचारतच नाही म्हणे. कशी माणसं असतील!”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी थांबले. वरच्या तक्रारीचं उत्तर तुम्ही स्वतःच खाली लिहून ठेवलंय, फक्त दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिलेलं नाही.

तुमची लेक तिथं ‘नको’ म्हणाली, कारण लहानपणापासून तुम्हीच तिला तसं शिकवलंत. पाहुण्याकडे गेलं की पहिल्या वेळी नको म्हणायचं, दुसऱ्या वेळी हात आडवा करायचा आणि तिसऱ्या आग्रहाला “बरं, अर्धीच” म्हणायचं. त्या घरातल्या बाईनं भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. तिच्या दृष्टीनं मुलीच्या शब्दाचा मान राखणं म्हणजे हेच. इकडे तुमच्या घरी ही मुलगी ‘नको’ म्हणते तेव्हा तिचं पोट खरंच भरलेलं असतं, आणि तिच्या पानात आणखी एक पोळी पडते. एक उपाशी उठते, एक जास्तीचं गिळते, आणि दोन्ही घरांत मोठी माणसं रात्री एकमेकांना सांगत असतील की आपण किती करतोय या पोरीसाठी.

‘नको’सारखाच तुमच्या घरातला दुसरा शब्द ‘बघू’. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही, हे सातवीतल्या पोराला कळतं. तिला कसं कळणार? ती खरोखर वाट बघत असते, की तुम्ही बघाल आणि उद्या सांगाल. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. तुम्हाला तो हट्ट वाटतो. तिला बहुधा वाटत असेल, की या बाई विसरतात फार.

आता ‘तू’चं. डॅनिश भाषेत आदरार्थी सर्वनाम आहे, पण रोजच्या वापरातून ते जवळजवळ गेलं आहे. राजघराण्यापुरतं उरलंय म्हणा ना. शाळेतली मुलं मास्तरांना नावानं हाक मारतात. तेव्हा ‘आजी, तू जेवली?’ यात उर्मटपणा शोधू नका. उलट मी विचारेन, तिला मराठी कुणी शिकवलं? तुमच्या मुलानं ना? मग तो ज्या रूपात बोलतो तेच ती उचलणार. आजीला तो ‘तू’च म्हणत असेल की! सासूबाईंची त्याबद्दल तक्रार असल्याचं पत्रात कुठंच नाही. तक्रार तुमची आहे.

‘ताक’ म्हणजे त्यांच्याकडे धन्यवाद, हे तुम्हाला आता कळलं असेलच. जेवून उठताना जेवणाबद्दल ‘ताक’ म्हणायची तिथं घरोघर रीत आहे, आईनं केलेल्या रोजच्या जेवणालाही. आपण घरात आभार मानत नाही, मानले तर परकं वाटतं. ती प्रत्येक जेवणानंतर मानते. म्हणजे ज्या मुलीला आपल्या कष्टांची किंमत नाही असं तुम्हाला वाटतंय, ती दिवसातून दोनदा तुमचे आभार मानून उठते आहे.

हे शब्दांचं झालं. मला खरं बोलायचंय ते ‘पोटच्या मुलीसारखी’ याबद्दल.

मी आठवी ते अकरावी मामाकडे शिकायला होते. पूर्वी खेड्यातली मुलं अशी ठेवलेलीच असायची कुणाकुणाकडे, कुणी वार लावून जेवायची, कुणी आत्याकडे, कुणी नुसत्या गाववाल्याकडे. मामी मनानं चांगली होती. आल्या दिवशीच म्हणाली, आपलंच घर समज. पण आपलं घर समजून मी फडताळातला लाडू न विचारता घेतला तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला, आणि विचारून घेतला तेव्हा “विचारतेस काय परक्यासारखी” हेही ऐकलं. मुलीचे हक्क नेमके कुठवर आणि पाहुणीची भीड कुठून, हे चार वर्षांत मला कळलं नाही. मला सगळ्यात आधार कशाचा वाटायचा सांगू? जिन्याखाली माझी एक पत्र्याची ट्रंक होती आणि ती कुणी उघडत नसे. बस.

तुमच्या घरातलं ते बंद दार म्हणजे तिची ट्रंक आहे. आपल्याकडे दिवसाढवळ्या दार लावलं की माणूस रुसलं, आजारी पडलं किंवा काहीतरी लपवतंय. तिच्याकडे दार लावणं म्हणजे नुसतं दार लावणं. शिवाय ही मुलगी दिवसभर तिसऱ्या भाषेत जगते. सकाळी कॉलेजात इंग्रजी, मधल्या सुट्टीत मराठी, रात्री जेवताना दोन्हींची खिचडी. डोकं शिणतं हो. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं 1960 मध्ये परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्यावर एक लेख लिहिला. आधी सगळं नवलाईचं आणि गोड, मग सगळ्याच गोष्टींचा वीट, मग हळूहळू सावरणं, असा क्रम त्यानं मांडला. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. पण ऑगस्टमध्ये आलेल्या मुलीची दिवाळीपर्यंत नवलाई ओसरलेली असणं यात मला काही अघटित दिसत नाही.

आणि आई तिला आहे, ताई. तिकडे जिवंत, धडधाकट. ‘मला आई म्हण’ हे तुम्ही मायेनं म्हणालात, शंकाच नाही. पण तुमच्या लेकीनं तिथल्या बाईला आई म्हणायला सुरुवात केली तर तुमच्या पोटात काय होईल, एकदा मनाशी विचारून पाहा.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण सगळ्या शाळेत शिकलो. पहिली डॉक्टर म्हणून शिकलो, कुणाच्या घरी राहिलेली मुलगी म्हणून नाही. 1883 च्या जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा 18 वर्षांची होती, आणि तिला उतरवून घ्यायला आल्या होत्या थिओडिशिया कार्पेंटर. या बाईंनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला, दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना, आणि ओळख ना पाळख, सरळ पत्र लिहिलं. पुढे दोघींची पत्रंच पत्रं झाली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी आनंदी आधी राहिली, मग फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेली. शाकाहारी राहिली, साडी नेसत राहिली. त्या बाईंना ती आई म्हणत नव्हती, मावशी म्हणत होती. आनंदीबाई 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या, आणि त्यांची रक्षा त्या मावशीकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीमध्ये कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.

मला ‘मावशी’ हा शब्द या नात्याला फार नेमका वाटतो. मावशीला लाड करता येतात, रागावता येतं, आणि भाचीनं आईची आठवण काढली तर मावशीला वाईट वाटत नाही. तुम्ही तिला सांगून पाहा, की नावानं हाक मारलीस तरी चालेल, पण इथं बायकांना मावशी किंवा काकू म्हणतात, तुला कोणतं आवडेल? निवड तिची.

आता दिवाळी. इथं मी थोडं कडक बोलणार आहे.

तुम्ही लिहिता, तिला आपल्या सणाची ओळख व्हावी म्हणून सगळ्यांना बोलावलं. बावीस माणसांत ओळख नक्की कुणाची कुणाला होत होती? त्या दिवशी तिच्याबरोबर फोटो किती जणांनी काढले? तिच्या केसांना हात किती जणींनी लावला? ती साडीत असताना “बघ कशी दिसतेय” म्हणून व्हिडिओ कॉलवर किती जणांना दाखवली? पत्रात यातलं काहीच नाही, मी आपली अंदाजानं विचारतेय, कारण लग्नकार्यात एखादी परदेशी मुलगी आली की काय होतं ते मी पाहिलंय. नवरा-नवरी स्टेजवर एकटी पडतात. अर्धा तास ती टिकली हेच खूप.

यातच एक गोष्ट अशी आहे, की ती विचारल्याशिवाय तुम्ही काहीच ठरवू नका. गर्दीच्या घरात, सणाच्या गडबडीत, तिला कुणी नको तसा हात लावला का, कुणी काही बोललं का? तिला एकटीला, शांतपणे, मिस्टरांना बाजूला ठेवून विचारा. बहुतेक तसं काही नसेल. पण असलं, तर तो माणूस तुमचा कोण लागतो याचा विचार न करता तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि त्याच दिवशी कार्यक्रमाच्या समन्वयकांना सांगायचं. मग घर बदलायला हवं का, हा प्रश्न वेगळा होतो, आणि तो तिला विचारून सोडवायचा असतो.

भाऊबीजेचं मुलाला लागलं असेल, ते खरं. पण पाटावर बसलेल्या भावाला ओवाळायचं म्हणजे काय, हे तिला आधी कुणी सांगितलं होतं का? की तबक हातात दिलं की आपोआप कळेल असं धरून चालला होतात? मुलाला म्हणावं, तूच सांग तिला. मोडकंतोडकं सांगेल, पण बहिणीची आठवण येते म्हणून पाटावर बसलो होतो हे तो सांगेल, आणि ते तिला कळेल. तिलाही भाऊ असेल कदाचित, विचारलंय का कुणी?

मिस्टरांच्या म्हणण्याकडे वळते. आत्ता घर बदलून मागावं का? अशा कार्यक्रमांत घर बदलणं हा काही गुन्हा नसतो. रोटरीच्या वर्षभराच्या एक्स्चेंजमध्ये तर मूल सहसा एकाहून जास्त घरांत राहतं, तुमच्याकडेही जानेवारी ठरलेलीच आहे. घरात कुणाचं मोठं आजारपण निघालं, मुलीला असुरक्षित वाटत असलं, किंवा दोन्ही बाजूंना एकमेकांचं तोंड बघवेनासं झालं, तर समन्वयकांना जरूर सांगावं. पण नातेवाइकांसमोर मान खाली गेली म्हणून दीड महिना आधी बॅग भरायला लावणं, हे त्या 17 वर्षांच्या मुलीला कसं समजावणार? तिला एवढंच कळेल की साडी सोडली म्हणून घरातून काढलं. आणि जानेवारीपर्यंत तोंड मिटून रेटायचं, हा दुसरा मार्ग तर त्याहून वाईट. आपण बायका त्यात तरबेज असतो, म्हणून आधीच सांगते.

बसून बोला. जेवणाच्या टेबलाशी नको, तिथं ती ताटावर हात धरून बसलेली असते. रविवारी सकाळी चहाला बसा. रोटरीच्या युवा एक्स्चेंजमध्ये यजमान कुटुंबासाठी पहिल्या रात्री विचारायच्या प्रश्नांची एक यादीच असते: तुम्हाला काय म्हणू, माझे कपडे कुठे धुवायचे, अंघोळीला कोणती वेळ, फ्रीजमधलं न विचारता काय घेऊ. वाचताना बालिश वाटते. तुम्ही ते पहिल्या रात्री केलं नसेल तर आता करा. तिलाही चार प्रश्न लिहून आणायला सांगा. काही उत्तरं देताना तुम्हीच अडाल, बघा.

सायकलचं उत्तर त्याच वेळी द्या, आणि ‘बघू’ म्हणू नका. तिथली मुलं लहानपणापासून सायकलवर एकटी शाळेत जातात, म्हणून तिला तुमचं ‘बघू’ म्हणजे कैद वाटत असणार. पण तुमची काळजीही पोकळ नाही. ऊस तोडणीचा हंगाम आहे, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात. हे कारण तिला सांगा! “मुलींनी असं फिरायचं नसतं” यापेक्षा ते खरं आहे, आणि तिला पटेल. सकाळी अमुक रस्त्यानं अमुक वेळेत हो, दिवेलागणीनंतर नाही. स्पष्ट नाही ऐकायची तिला सवय आहे. कार्यक्रमाचे म्हणून जे नियम असतात, म्हणजे गाडी चालवायची नाही, दारू नाही, ते तिनं येण्याआधीच मान्य केलेले असतात, त्याबद्दल तुम्ही ओशाळं व्हायचं कारण नाही. तिच्या देशात सोळाव्या वर्षी बिअर विकत मिळते, आपल्या राज्यात एकविसाव्या वर्षाआधी नाही. कायदा आहे, विषय संपला.

काही गोष्टींची कारणं मात्र तुमच्याकडेही नसतील. पत्रात एका ओळीत तुम्ही उल्लेख करून पुढे गेलात, की ‘त्या’ चार दिवसांत देवघरात जायचं नाही हे तिला सांगितल्यावर तिनं ‘का’ विचारलं आणि तुम्ही “आमच्यात असं असतं” म्हणालात. तुम्हाला स्वतःला ते पटतं का? पटत असेल तर तसं सांगा. पटत नसेल आणि केवळ सासूबाईंसाठी पाळत असाल, तर तेही सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून आपण काही गोष्टी न पटता करतो, हे तिला कुठल्याही सणापेक्षा जास्त शिकवून जाईल. संस्कृती म्हणून आपण पोरांना रांगोळी आणि फराळ दाखवतो, आणि जिथं आपलं आपल्यातच एकमत नाही ते झाकून ठेवतो. तिला ते झाकलेलं दिसतंच.

सासूबाई “राहू दे पोरीला” म्हणाल्या, हे वाक्य मला पत्रात सगळ्यात आवडलं. दोघींचं काहीतरी जमलेलं दिसतंय. संध्याकाळी त्या वाती वळत असतील, पावटे सोलत असतील, तेव्हा हिला शेजारी बसू द्या, आणि कृपा करून दुभाषी म्हणून मध्ये जाऊ नका. हाताला काम असलं की भाषा लागत नाही.

इतर वाचकांपैकी कुणी अशी मुलं घरी आणणार असाल तर कागदपत्रांचं एक सांगून ठेवते, कारण ऐनवेळी धावपळ होते. परदेशी माणूस घरी राहायला आला की त्याची माहिती सरकारी पोर्टलवर 24 तासांच्या आत भरावी लागते. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. ही जबाबदारी घरमालकाची असते, कार्यक्रमाची माणसं मदत करतात. मूल एका घरातून दुसऱ्या घरी गेलं की नव्या घरानंही ते करायचं. ताई, जानेवारीत तिच्या पुढच्या कुटुंबाला हे तुम्हीच सांगा, आणि तिला काय आवडतं, दार का लागतं, ‘नको’ म्हणजे काय, हेही. समन्वयकांपेक्षा ते तुम्हाला जास्त माहीत असेल.

लेकीलाही फोनवर सांगा, की भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘हो’ म्हण आणि उठताना ‘ताक’ म्हणायला विसरू नकोस. पण रोज रात्री फोन नको. तुमच्या पाहुणीची आई रोज रात्री तासभर फोनवर असती तर तुम्हीच म्हणाला असतात, मुलगी रमायची कशी.

आणि डिसेंबर येतोय. डेन्मार्कमध्ये खरा नाताळ 24 तारखेच्या संध्याकाळी असतो आणि त्या दिवसांत तिथं दुपारी पावणेचारच्या सुमारालाच सूर्य मावळतो. तिला त्या दिवशी घरची आठवण येणार हे गृहीत धरा, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्या. पाहुणे बोलावू नका. त्या रात्री त्यांच्याकडे एक गोड पदार्थ असतो, भाताची खीर थंड करून त्यात फेटलेली साय, व्हॅनिला आणि बदामाचे तुकडे घालतात, वर चेरीचा गरम पाक. अंडं लागत नाही, सासूबाईंना चालेल. आंबेमोहोर वापरलात तर फारच छान होईल. खिरीत एकच अख्खा बदाम टाकतात, आणि तो ज्याला मिळतो त्यानं गालात लपवून गप्प बसायचं, म्हणजे बाकीचे शोधत शोधत सगळी खीर संपवतात. मग त्याला बक्षीस. फक्त सासूबाईंची कवळी असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा.